अपशिंगे ते द्रास: पाच मोटरसायकली आणि एक फाईल

आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी मी चौदा महिने खेटे घातले. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या रेकॉर्डमध्ये आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत, आणि बदललेलं नाव पलटणीला कळवायचं राहून गेलेलं. एवढ्यावर सगळं अडलं होतं. प्रतिज्ञापत्र, गॅझेट, पत्रामागून पत्र असं करत ते सुटलं. पण त्या काळात कार्यालयाच्या बाकावर शेजारी बसणाऱ्या, मांडीवर पिशवी घट्ट धरलेल्या बायका डोक्यातून जाईनात. आमची मोटरसायकल फेरी त्या बाकावरच ठरली असं मी म्हणेन.

आम्ही पाच जणी. दोघी फौजींच्या मुली, एक फौजीची बायको, एक नर्स आणि शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाई, वय एकोणसाठ. सप्टेंबर २०२३ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीतून निघायचं आणि द्रासच्या कारगिल युद्ध स्मारकापर्यंत जायचं, असं ठरलं. अपशिंग्यातून का, हे साताऱ्यात कुणी विचारत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, आणि आजही तिथे फौजेशी नातं नसलेलं घर शोधावं लागतं.

तयारीला पाच महिने लागले. त्यातले दोन नुसते पैशांच्या प्रश्नात गेले. फौजी कुटुंबांसाठी लोकांकडून मदत गोळा करायची, तर ती कुणाच्या हातात? आम्ही एक नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला: एक रुपयाही आमच्या हातात घ्यायचा नाही. देणाऱ्याने थेट सशस्त्र सेना ध्वजदिन निधीत भरायचे आणि पावती स्वतःच्या नावाने घ्यायची. १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला छोटे ध्वज लावून जो निधी जमवतात, तो हाच. तो संरक्षण मंत्रालयाच्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडे असतो, आणि देणगीवर तेव्हा आयकरात ८०जी कलमाखाली सवलत मिळत होती. एकूण किती जमले याचा मोठा आकडा त्यामुळे आम्हाला कधीच सांगता आला नाही. पण कुणाच्या मनात शंकाही राहिली नाही, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. अशी फेरी काढणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते.

गाडीची तयारी त्यामानाने सोपी. क्लच केबल बदलणं, चेन ताणणं, पंक्चर काढणं हे प्रत्येकीने स्वतःच्या हाताने तीन-तीनदा केलं. पडलेली गाडी उचलायची तर तिच्याकडे पाठ करून, सीटला कंबर टेकवून, पायांच्या जोरावर. हातांनी ओढायला गेलं की पाठ धरते. बाईंनी ते पहिल्या रविवारीच जमवलं.

पहिला मुक्काम पुण्यात. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये आम्ही आधी परवानगी घेऊन गेलो. मणक्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली संवेदना गेलेले जवान तिथे राहतात. १९७४ पासून ही संस्था चालू आहे. चाकाच्या खुर्चीतल्या एका दादांनी आमच्या गाड्यांच्या सीट दाबून पाहिल्या आणि विचारलं, "एका जागी किती तास बसणार?" आम्ही म्हणालो, दोन-अडीच. ते म्हणाले, "तासाला उठा. तुम्हाला दुखतं, म्हणून तुम्ही हलता. मला दुखत नाही, म्हणून मी घड्याळ बघून स्वतःला उचलतो, नाहीतर जखम होते." हातांवर भार देऊन ते खुर्चीतून वर उचलले गेले, थोडा वेळ तसेच राहिले, मग बसले. पुढच्या सगळ्या प्रवासात आमचा थांबा तासालाच होता, आणि कुणीही त्याला कंटाळली नाही.

धुळ्याच्या पुढे बिजासन घाटात माझी क्लच केबल तुटली. अर्ध्या तासात बदलली. महू, कोटा, जयपूर हे दिवस मोकळ्या रस्त्याचे आणि उन्हाचे गेले.

झुंझुनूला आम्ही वाट वाकडी करून गेलो, कारण राजस्थानातला तो जिल्हाही आपल्या साताऱ्यासारखाच, घरटी फौजी असलेला. एका गावात चहाला थांबलो, तर आमच्या गाडीवरचा फलक वाचून एक आजी आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणारं नोंदींचं पुस्तक, घेऊन आल्या. पतीच्या रेकॉर्डमध्ये त्यांचं एक नाव, आधारवर दुसरं. मी ते पान हातात धरून तशीच उभी राहिले. पंधराशे किलोमीटरवर, वेगळ्या भाषेत, माझ्या आईचाच कागद!

अर्थात निघण्याआधी साताऱ्याकडच्या गावांतही हेच झालं होतं. एका माजी सैनिकाच्या विधवा आजींनी सांगितलं होतं, "पैसं गोळा करताय ते बरं हाय, पोरींनो. पर माझा एवढा कागद बघा की." पेन्शनची सेवा पुरी न करता परतलेल्या, ६५ वर्षांवरच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाला ध्वजदिन निधीतून दरमहा ४,००० रुपयांची मदत तेव्हा मिळू शकत होती, आणि ते माहीत नसलेली माणसं आम्हाला गावोगाव भेटत होती. निधी भरणारे आम्ही शोधत होतो. निधीपर्यंत पोचू न शकणारे आपणहून समोर येत होते. झुंझुनूच्या त्या रात्री बाईंनी वहीत रकाने आखले: नाव, रेकॉर्डमधलं नाव, आधारवरचं नाव, पलटण, काय अडलंय.

जम्मू-काश्मीरच्या हद्दीत शिरल्यावर आमचे प्रीपेड फोन बंद पडले. तिथे बाहेरचं प्रीपेड सिम चालत नव्हतं. एकीकडे पोस्टपेड होतं, त्यावर पाच घरांना रोज निरोप जात. रामबनच्या पट्ट्यात दरड कोसळलेली होती, चार तास गेले. सोनमर्गला पोलिसांनी गाड्या पुढे सोडल्या की निघायचं. झोजिला खिंड ११,५७५ फुटांवर, चिखल, समोरून ट्रक. पहिला गिअर, ब्रेकला हात नाही, नजर पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर. नर्स मैत्रिणीची गाडी दोनदा घसरली, दोन्ही वेळा आम्ही दोघींनी मिळून उचलली.

अकराव्या दिवशी दुपारी द्रास. मागे तोलोलिंगचा डोंगर उभा, समोर १९९९ च्या कारगिल युद्धातल्या, म्हणजे ऑपरेशन विजयमधल्या, शहिदांची नावं कोरलेली भिंत. आम्ही हेल्मेट काढून ठेवले. बाईंनी एका टोकापासून नावं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, शाळेत हजेरी घेत तशा स्वच्छ आवाजात. आमच्यातली फौजीची बायको भिंतीला हात न लावता लांबच उभी होती. तिचा नवरा तेव्हा सीमेवरच होता.

परतल्यावर वहीतली सदतीस नावं घेऊन आम्ही बसलो. परराज्यातल्यांना त्यांच्या जिल्हा सैनिक बोर्डाचा पत्ता आणि लागणाऱ्या कागदांची यादी पाठवली, फोन करत राहिलो. इथल्या चौदांपैकी सहा जणांचे अर्ज मंजूर झाले. ज्या आजींनी निघताना "एवढा कागद बघा" म्हटलं होतं, त्यांचा नाही. त्यांच्या पतीचा सेवा क्रमांक डिस्चार्ज बुकात पुसट झालाय, शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत. मूळ पुस्तक कुरिअरने पाठवायला त्या तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

सोमवारी पहाटे मी आणि बाई त्यांना घेऊन बेळगावला पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला निघतोय. पुस्तक आजींच्याच मांडीवर राहील, म्हणून या वेळी मोटरसायकल नाही, एसटी.