चिलटाचं डोकं आणि शेजारचा नर

केळी जरा जास्त पिकली की त्यावर जी बारीक चिलटं घोंघावतात ना, तीच लॅबवाल्यांची लाडकी फळमाशी, ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. यातला नर आधी दुसऱ्या नरांसोबत राहिलेला असेल तर मादी मिळाल्यावर तो समागमाला जास्त वेळ लावतो, आणि गंमत म्हणजे तेव्हा तो रायव्हल तिथे हजर असायलाच पाहिजे असंही नाही. एरवी हे 15-20 मिनिटांचं काम.

कारण मादी एकापेक्षा जास्त नरांशी जुळते आणि शुक्राणू साठवून ठेवते, म्हणजे खरी मारामारी तिच्या पोटात होते. हे 1970 मध्ये जेफ पार्कर या जीवशास्त्रज्ञाने मांडलं. पण वीर्य काही फुकट बनत नाही, त्यामुळे स्पर्धा असेल तरच जास्त खर्च करायचा, नाहीतर हात आखडता.

मग स्पर्धा आहे हे चिलटाला कळतं कसं? मला सगळ्यात भारी वाटला तो भाग हा. 2011 मध्ये अमांडा ब्रेटमन, ट्रेसी चॅपमन वगैरे संशोधकांनी एकेक खूण काढून बघितली, म्हणजे रायव्हलच्या पंखांचा आवाज, त्याचा वास आणि त्याचा स्पर्श. यातली कुठलीही एक काढली तरी नराला काही फरक पडला नाही, पण दोन काढल्या की तो आपला एकटा असल्यासारखाच वागायला लागला, म्हणजे तिन्हीपैकी कुठल्याही दोन खुणा जुळल्याशिवाय याचा विश्वासच बसत नाही! इथे आपण व्हॉट्सअ‍ॅपच्या एका फॉरवर्डवर मत बनवून मोकळे. बरं, तो लगेच बदलतही नाही, साधारण दिवसभराची संगत लागते, आणि रायव्हल हटवला की काही वेळाने पुन्हा पहिल्यासारखा.

नुसता वेळच नाही, रायव्हल असला की वीर्यातून सेक्स पेप्टाइड नावाचं प्रोटीनही जास्त जातं. त्याने मादी अंडी जास्त घालते आणि पुढच्या नराला काही काळ जवळ येऊ देत नाही, थोडक्यात कुलूप लावून जायचं.

सतत रायव्हलसोबत ठेवलेले नर मात्र लवकर मरतात आणि म्हातारपणी त्यांना समागमही कमी जमतो. मादीचं तर विचारूच नका, नराच्या वीर्यातल्या प्रोटीन्समुळे तिचं आयुष्य कमी होतं हे चॅपमनबाईंनी 1995 मध्येच दाखवलं होतं, म्हणजे भांडण दोघा नरांचं आणि बिल तिच्याही नावावर.