पातळ कट आणि माझे चार दिवस
अण्णांचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, आता ते कलमांना पाणी घालतायत. पण रत्नागिरीतल्या त्या स्कॅन सेंटरवरून गेलो की माझं डोकं अजून फिरतं.

अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. त्याच सीटी स्कॅनमध्ये महाधमनी फुगलेली दिसली, ६.२ सेंटिमीटर. एरवी ती दोनच्या आसपास असते. पुरुषांत साडेपाचला दुरुस्तीचा विचार करतात. आम्ही म्हटलं, पोट उघडताच आहात तर दोन्ही उरकून टाका. मुंबईचे सर्जन नाही म्हणाले. धमनीत बसवायची नळी कापडाची. शेजारी पू असताना तिला जंतू चिकटले तर औषधाला दाद देत नाहीत, बहुधा नळीच काढावी लागते. आधी पू, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग तीच कापडी नळी जांघेतून आत, म्हणजे स्टेंट. मध्येच पोटात-पाठीत जोराची कळ आली तर मात्र थेट उचलून आणा, म्हणाले.

पू रत्नागिरीतच सोनोग्राफीवर बघून नळी घालून काढला.

अडलं ते स्कॅनच्या सीडीवर. स्टेंट मापाचा लागतो, मापाला एक मिलिमीटरचे पातळ कट, म्हणजे स्कॅनमधल्या शरीराच्या कापांची चित्रं लागतात. आमच्या सीडीत पाचाचे. पुन्हा स्कॅन म्हणजे पुन्हा डाय, शिरेतून सोडायचं मूत्रपिंडाला जड औषध, आणि अण्णांचं क्रिएटिनिन, मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, आधीच वाढलेलं, १.९. आमच्या पावस गावाहून रोज एसटीनं सेंटर गाठलं. पहिल्या दिवशी, "फिल्म दिल्यात ना?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं पत्र हवं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको, सही-शिक्क्याचं. ते कुरिअरनं मागवून पोचलो तर सर्व्हर बंद. काउंटरवरचा मुलगा स्टेपलरच्या पिना टेबलावर ओळीत लावत बसलेला, मान वर नाही. चौथ्या दिवशी आतला टेक्निशियन चहाचा कप घेऊन बाहेर आला. "दादा, पातळ कट मशीनवर दहा दिवसच राहतात. तुमचा आज नववा." पेनड्राइव्ह दिला, दहा मिनिटांत काम झालं. दहा मिनिटांत!

तेव्हा पेशंट टेबलावरून उतरायच्या आत पातळ कट डायकॉममध्ये, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलींत, मागून घ्या. पेनड्राइव्ह आपला न्या.

आणि हो, रक्त कल्चरला, म्हणजे कोणते जंतू उगवतात ते बघायला, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी द्या. आमचं नंतर गेलं, रिपोर्टात काहीच उगवलं नाही, औषधं अंदाजानं चालली.

स्टेंट सहा आठवड्यांनी बसला, तिसऱ्या दिवशी घरी. वर्षाचा स्कॅन गणपतीनंतर आहे. पेनड्राइव्ह पिशवीत टाकून ठेवलाय.