बाराखडीचं पान

आई साताऱ्याहून आमच्याकडे सिंगापूरला आली आणि दुसऱ्याच दिवशी नातीचं चिनी वाचनाचं पुस्तक घेऊन बसली. पुढून चाळलं, मागून चाळलं, चष्मा पुसून पुन्हा चाळलं. मग मला हाक मारून म्हणाली, "अगं, यातलं बाराखडीचं पान फाटलंय का?"

तिची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळण्यात गेली. इथे बाराखडीच नाही, जी आहेत ती सुटी अक्षरं, आणि सहावी संपेपर्यंत अशी 3000 अक्षरं ओळखता यावीत असं चीनमधला अभ्यासक्रम म्हणतो, हे मी तिला सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग पक्का मास्तरी प्रश्न आला, "मग सुरुवात कशानं करतात?"

वर्षभर मीही तोच प्रश्न घेऊन हिंडते आहे. इथल्या शाळांत मातृभाषा म्हणून घेता येणाऱ्या भाषांत मराठी नाही, त्यामुळे मराठी घरांतली बहुतेक मुलं हिंदी घेतात. आमच्या बाईसाहेबांना बालवाडीतल्या मैत्रिणींमुळे चिनी हवी होती. हौस तिची आणि पुस्तकं शोधायचं काम माझं. ब्रास बसा कॉम्प्लेक्समध्ये, ज्याला चिनी लोक 'पुस्तकांचं शहर' म्हणतात, मी इतक्या चकरा मारल्या, की एका दुकानातले म्हातारे अंकल मला पाहिलं की आपणहून खालच्या फळीकडे बोट दाखवतात.

पहिल्यांदा मी भुलले ती चित्रांना. सूर्य, चंद्र, डोंगर, पाणी, आणि एक-दोन-तीन. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. यावर चिन्यांचाच एक जुना विनोद आहे. श्रीमंताच्या पोराला तीनपर्यंत शिकवून होतं न होतं तोच त्याने मास्तरांना निरोप दिला, मला सगळं आलं म्हणून. मग बापाने 'वान' आडनावाच्या पाहुण्याला आमंत्रण लिहायला सांगितलं. वान म्हणजे दहा हजार. पोरगा सकाळी बसला तो उठेचना. बाप बघायला गेला तर चिरंजीव वैतागून म्हणतात, आडनावांना काय तोटा होता, यानं नेमकं हेच का घेतलं? आत्ताशी पाचशेच रेघा झाल्यात! चित्रांच्या पुस्तकांनी आमचंही तसंच झालं. लेकीला डोंगर आला, पाणी आलं, आणि वाक्य एकही आलं नाही. नुसत्या डोंगराचं आणि पाण्याचं वाक्य होणार तरी काय?

आईला हे पटकन कळलं. आपण मुलांना अ आ इ ई च्या आधी ग म भ न गिरवायला देतो, कारण ती अक्षरं वळणाने एकमेकांची भावंडं; हात बसतो. चिनी मुलंही पूर्वी लाल शाईत छापलेली 'शांग ता रेन' अशी सोप्या रेघांची अक्षरं काळ्या शाईने गिरवत. त्यांचा अर्थ कुणाला धड लागत नसे. लू शुन या चिनी लेखकाच्या 1919 मधल्या एका कथेत नायकाला टोपणनावच मुळी त्या कित्त्यातून मिळालेलं आहे. पण हे सगळं हाताचं. डोळ्यांना लागणारी अक्षरं निराळी. चिनीत सगळ्यात जास्त वेळा येणारं अक्षर म्हणजे आपल्या चा-ची-चे चं काम करणारं 'त'. आठ रेघांचं, चित्र नसलेलं, दिसायला अगदी कारकुनी. पण ते आल्याशिवाय 'आजीचा घोडा' म्हणता येत नाही. आता मी पुस्तक उघडलं की आधी हे बघते: 'त' कितव्या पानावर आलाय? सूर्य-चंद्र संपल्यावर विसाव्या पानावर उगवला असेल, तर पुस्तक परत फळीवर.

दुसरी परीक्षा डोक्यावरच्या मुंग्यांची. अक्षरांच्या वर रोमन लिपीत उच्चार छापतात, त्याला पिनयिन म्हणतात. चीनने ती 1958 मध्ये स्वीकारली. लाओशी, म्हणजे शाळेतल्या बाई, म्हणतात की ती हवीच. मला वाटतं, मुंग्या दिसल्या की पोरीची नजर मुंग्यांच्याच मागे जाते आणि खालचं अक्षर बिचारं बघितल्याशिवाय राहतं. त्यात त्या रोमन अक्षरांची फसवाफसवी वेगळीच. त्यांचा बी म्हणजे जवळजवळ आपला प, आणि डी म्हणजे त. बीजिंग खरं तर 'पेइचिंग'च्या जास्त जवळ. अल्पप्राण-महाप्राण घोकलेल्या माणसाने हे देवनागरीत लिहून घ्यावं, पाव अभ्यास तिथेच होतो. आणि मी काही एकटी हट्टी नाही. चीनमध्ये 2016 साली पहिलीचं नवं पाठ्यपुस्तक आलं, त्यात आधी आकाश, जमीन, माणूस ही अक्षरं आहेत आणि पिनयिन मागाहून. हे मी लाओशींना सांगितलं नाही. पोरगी त्यांच्या वर्गात आहे.

एकदा मात्र मी सपशेल आपटले. घोड्याच्या गोष्टीचं सुंदर, गुळगुळीत कागदाचं हाँगकाँगचं पुस्तक घेऊन आले. रात्री लेक म्हणाली, "आई, हा घोडा नाहीये." सिंगापुरात चीनसारखी सुटसुटीत केलेली अक्षरं चालतात, हाँगकाँग-तैवानात जुनी. आमचा घोडा तीन रेघांचा, त्यांचा दहा रेघांचा, वर पोटाखाली चार ठिपके, पायांसारखे. मुखपृष्ठावरच्या घोड्याचे पाय मोजत बसले आणि आतला घोडा बघायचाच राहिला.

घोडा आमच्या घरात फार लाडका आहे, कारण तो 'मा'. त्याच्या डावीकडे बाई उभी केली की आई होते. तोंड ठेवलं की वाक्याच्या शेवटचा 'का?'. डोक्यावर दोन तोंडं ठेवली की शिव्या देणं. आवाज घोड्याचा, अर्थ शेजाऱ्याचा. डावीकडे पाण्याचे तीन थेंब असले, तर प्रकरण बहुधा ओलं. चांगलं पुस्तक हे समजावत बसत नाही. तोच घोडा चार पानांत पाच वेळा निरनिराळ्या शेजारणींसोबत आणून उभा करतं.

शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, हे बघून आई उलट खूश झाली. "मोडीतही कुठं होती?" तिच्या वडिलांनी मोडीतली खतं सलग, एका दमात वाचलेली तिला आठवतात.

तिने चार पुस्तकांतून एक निवडलं, ते माझ्या यादीत शेवटी होतं. कागद पिवळट, चित्रं बेतास बात, गोष्ट अशी: मोठा घोडा घाण वासाचा. लहान घोडा घाण वासाचा. आईचा घोडा घाण वासाचा नाही. मी गुणी मुलाने आजोबांना चहा दिल्याचं पुस्तक पुढे केलं, तर म्हणाली, "हे तुला आवडलंय. तिला विचार." तिला विचारायची गरज नव्हती. ती 'घाण वासाचा' वर जमिनीवर लोळत होती.

परवा तिघी बाजारातून येत होतो. ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्यावर पिवळी पाटी उभी होती, इथल्या बऱ्याच सूचनांच्या पाट्यांसारखी चार भाषांत. लेक थबकली आणि बोट ठेवून वाचायला लागली.

"लहान. काळीज. जमीन."

लहान आणि काळीज शेजारी आले की 'जपून' होतं, हे तिच्या पुस्तकात अजून आलेलं नाही. चौथ्या अक्षरापाशी ती अडली. मान तिरकी करून बघितलं.

"हे नाही येत. पण तीन थेंब आहेत. आजी, थांब, पाय नको टाकू, इथे काहीतरी पाण्याचं आहे."