मोफत आकाशदर्शन, मग खर्च कोण करतं?

‘तुम्ही कुणाकडून पैसे घेत नाही, मग हे चालतं कसं?’ ठाण्यात आमचा हौशी गट गच्चीवर मोफत आकाशदर्शन घडवतो; तिथं दुर्बिणीच्या रांगेत उभं राहून कुणीतरी हे विचारतंच. हल्ली दुसरे गटही विचारतात: वाशीचे पक्षीनिरीक्षणवाले, कळव्याचे बुद्धिबळवाले, सोसायटीत फुकट वाचनालय चालवणारे. अशा सगळ्यांसाठी जरा सविस्तर, आकड्यांसकट.

आधी खर्चाचे दोन भाग करा. माणसं आली काय, न आली काय, होणारच असा खर्च एकीकडे आणि माणसागणिक वाढणारा दुसरीकडे. महिन्याला एक कार्यक्रम, पावसाळा सोडून ऑक्टोबर ते मे असे आठ, असं धरू. शाळेचा वर्ग किंवा छोटा हॉल 1,500 रुपयांप्रमाणे 12,000. दुर्बिणीच्या ने-आणीचे दर खेपेला 900 म्हणजे 7,200. वॉचमनचं चहापाणी आणि वीज मिळून 2,400. बॅटऱ्या, ओल शोषणारं सिलिका जेल, छपाई 2,400. देखभालीसाठी बाजूला 8,000, अडीअडचणीला 4,000. झाले 36,000. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण यातला एकही खर्च प्रेक्षकांच्या संख्येवर अवलंबून नाही, हे बघून ठेवा.

म्हणूनच दारात डबा ठेवून माणशी 30 रुपये घेण्याची कल्पना टिकत नाही. कागदावर 60 माणसं गुणिले आठ कार्यक्रम, 14,400 दिसतात. प्रत्यक्षात नोव्हेंबरात अवकाळी ढग येतात, त्या दिवशी पाच जण उगवतात आणि हॉलचं भाडं मात्र आधीच भरलेलं असतं. शिवाय 30 रुपये दिले की ते तिकीट होतं आणि तिकीट काढलेल्या माणसाला शनी दिसलाच पाहिजे, कडीसकट. मार्च 2025 मध्ये शनीची कडी आपल्याला नेमकी कडेने दिसायच्या स्थितीत आली, त्यानंतरही काही काळ ती बारीकच दिसते. हे फुकट आलेल्याला समजावून सांगता येतं, पैसे मोजलेल्याला सांगणं जड जातं. रविवारची झोप मोडून आलेला स्वयंसेवक त्या क्षणी नोकर ठरतो.

त्यामुळे आमचं मत पक्कं आहे: पहिल्या भागाचा सगळा खर्च वर्षाच्या सुरुवातीला, ठरलेल्या थोड्या लोकांकडून एकदाच घ्यावा आणि दार सगळ्यांना मोफत उघडं ठेवावं. 24 जणांनी 1,000 आणि 24 जणांनी 500 दिले की 36,000 होतात. वर्गणी काढायची ऑक्टोबरात. हिशेबाचं वर्ष एप्रिल-मार्च असलं तरी आकाशाचं वर्ष पाऊस संपल्यावर सुरू होतं आणि पहिल्या कार्यक्रमाला गर्दी असते. जूनमध्ये मागितलेत तर ‘बघू, पाऊस संपू दे’ हे ठरलेलं उत्तर. मुदत पंधरा दिवस, आठवण दोनदाच, आणि रक्कम पूर्ण झाली की ‘आता पाठवू नका’ असा संदेश. हा संदेश न चुकता टाका. पुढच्या वर्षी पैसे लवकर येतात ते त्याच्यामुळे. देणाऱ्यांची नावं रकमेसकट लावू नका, 500 वाला पुढच्या वेळी गप्प बसतो.

देखभालीच्या 8,000 वर भुवया उंचावतात. आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरच्या, आरशाच्या) दुर्बिणीची नळी सव्वा मीटरच्या आसपास, बैठक धरून वजन वीसेक किलो. रिक्षात ती नीट बसत नाही आणि प्रत्येक प्रवासात आरसे हलतात. ते जुळवणं फुकटात होतं, फक्त शिकावं लागतं. आरशावरचा अॅल्युमिनियमचा पातळ थर मात्र खाडीकाठच्या दमट हवेत लवकर मंद होतो आणि कुणी रुमालानं पुसला तर ओरखडे पडून आणखी लवकर. नवा थर चढवणं काही वर्षांतून एकदाच येतं, पण येतं तेव्हा मोठा आकडा घेऊन येतं. दरवर्षी बाजूला न टाकल्यास ऐन हंगामात झोळी फिरवावी लागते. भिंगांचा शत्रू बुरशी. फोमच्या पेटीत ओल कोंडून पेटी पावसाळाभर कपाटात राहिली की बुरशी धरलीच. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. सूर्यासाठीची फिल्टर फिल्म दर वेळी दिव्यासमोर धरून तपासा. टाचणीएवढं छिद्र दिसलं तरी ती टाकून द्यायची, तिथं काटकसर नको.

दुसरा भाग म्हणजे शहराच्या उजेडापासून दूर, वांगणी किंवा मुरबाडकडची रात्रभराची सहल. तिचा हिशेब वेगळ्या वहीत. बस आणि जागा मिळून 14,000, जेवण-नाश्ता माणशी 250, बसायची सोय 40 जणांची, असं समजा. दर ठरवताना 30 च माणसं धरा: 14,000 भागिले 30 म्हणजे 467, अधिक 250, म्हणजे 720 घ्या. चाळीसही आले तर 4,800 उरतात. त्यांचं काय करणार ते नोंदणीच्या संदेशातच लिहा. ऐनवेळी गळणाऱ्याला जेवणाचे परत, बसचे नाहीत. सहलीच्या शिलकीवर हॉलचं भाडं मात्र भागवू नका. लागोपाठ दोन सहली ढगांनी खाल्ल्या की दोन्ही वह्या रिकाम्या.

पैसे कुठं जमा करायचे? खजिनदाराचा स्वतःचा क्यूआर सोपा वाटतो, पण गटाचे पैसे त्याच्या पगारात आणि किराण्यात मिसळतात, आणि तो बदलला तरी जुन्या पोस्टरवरचा क्यूआर फिरतच राहतो. नोंदणी नसलेल्या गटालाही खातं उघडता येतं. नियमांची प्रत, ठराव, सही करणाऱ्यांची कागदपत्रं आणि गटाच्या नावाचं पॅन मागतात. दोघांच्या सह्यांचं खातं घ्या. त्यातून फोनवरून पैसे पाठवणं सहसा जमत नाही, चेक लिहावा लागतो. तो त्रास चांगला आहे.

‘ट्रस्ट का करत नाही?’ हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. संस्था म्हणून नोंदणीला किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात पाठोपाठ सार्वजनिक न्यास, म्हणजेच ट्रस्ट, म्हणूनही नोंद करावी लागते. मग दरवर्षी हिशेबतपासणी, कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज. 36,000 च्या गटाला हे झेपत नाही. देणगीदाराला मिळणाऱ्या प्राप्तिकर सवलतीचं (80जी म्हणतात ती) आकर्षणही कमी झालंय, कारण नव्या करप्रणालीत ती सवलत मिळत नाही. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी हवा असेल तरच त्या वाटेला जा. नोंदणी नसताना पावतीपुस्तक घेऊन सोसायट्या मात्र फिरू नका. गणेशोत्सव मंडळंही वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात. आपापसात वर्गणी काढणं निराळं.

प्रायोजक मिळतात, घोडबंदर रोडला तर बिल्डरांची कमी नाही. अडचण अशी की त्यांना फलक हवा आणि फलकावर झगझगीत दिवा हवा, तोही आकाशदर्शनाला. क्लासवाल्यांना मुलांचे फोन नंबर हवे असतात; तिथं सरळ नाही म्हणा. वस्तूरूपात घ्या: शाळेनं भाडं माफ केलं, मुद्रकानं नकाशे छापून दिले, तर आनंद आहे. टी-शर्ट विकून पैसे उभे करायला जाल तर शेवटी एक्सएलचे वीस उरतात. 2 ऑगस्ट 2027 च्या सूर्यग्रहणाचे चष्मे आत्ताच मागवा म्हणणारे भेटतील. पश्चिम भारतात ते खंडग्रास आहे, पण ऐन पावसात. आगाऊ पैसे येतील तेवढेच मागवा.

सर्वात महागात पडतो तो उदार माणूस. तो स्वतःच्या गाडीतून दुर्बीण आणतो, घरी ठेवतो, चहाचे पैसे गुपचूप देतो आणि एक दिवस पुण्याला बदली होऊन जातो. तेव्हा कळतं की आपला खर्च 36,000 चा नव्हताच. त्याचं पेट्रोल आणि जागा बाजारभावानं खर्चात लिहा आणि समोर तेवढीच देणगी दाखवा. पैसे हलत नाहीत, आकडा दिसतो. दुर्बिणीचं बिलही गटाच्या नावावर घ्या आणि गट बंद पडला तर ती कोणत्या शाळेला जाईल ते नियमांत एका ओळीत लिहून ठेवा. नाहीतर ज्याच्या माळ्यावर ती आहे त्याचीच होते.