धुळीच्या तबकडीतील फटी

मकर संक्रांतीच्या दिवसांत, म्हणजे सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या (यात्रेच्या) वेळी, सोलापुरात रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास रोहिणी नक्षत्र जवळजवळ माथ्यावर असते. त्याच परिसरात, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, एचएल टौरी हा अतिशय तरुण तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. मात्र त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) १८ अंश उत्तर आणि आपले अक्षांश १७.७ अंश असल्याने तो सोलापूरकरांच्या थेट डोक्यावरून जातो, याचे मला विशेष अप्रूप आहे.

२०१४ साली चिलीतील आल्मा दुर्बिणीने या ताऱ्याभोवतीच्या, ज्यातून ग्रह घडतात त्या वायू आणि धुळीच्या तबकडीचे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा तीत एकाआड एक तेजस्वी कडी आणि काळ्या फटी दिसल्या. जेमतेम दहा लाख वर्षे वयाच्या ताऱ्याभोवती इतकी रेखीव रचना अपेक्षित नव्हती.

ग्रह वाटेतील धूळ गिळतो आणि फट पडते, हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण खरे काम वायू करतो. तबकडीतील वायूचा दाब बाहेरच्या दिशेने कमी होत जातो. त्या दाबाचा आधार मिळाल्याने वायू ताऱ्याभोवती किंचित संथ फिरतो, तर मिलिमीटरभर आकाराच्या कणांना तसा आधार नसतो. समोरचा वारा अंगावर घेणाऱ्या सायकलस्वाराप्रमाणे त्यांची गती खर्ची पडते आणि ते ताऱ्याकडे घसरू लागतात. काही अडथळा नसता, तर बाहेरच्या भागातील असे कण फार काळ टिकलेच नसते. वाढणारा ग्रह आपल्या गुरुत्वाकर्षणाने सर्पिल लाटा उठवतो, आतील वायूचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) काढून बाहेरील वायूला देतो आणि अशा रीतीने दोन्हीकडचा वायू स्वतःपासून दूर सारतो. त्यामुळे कक्षेबाहेर दाबाचा एक उंचवटा तयार होतो. त्याच्या आतील उतारावर वायू उलट अधिक वेगाने फिरत असल्याने कण बाहेर ढकलले जातात, बाहेरील उतारावरचे आत येतात, आणि सारी धूळ उंचवट्यावर अडकते. तेजस्वी कडे दिसते ते हेच. अगदी बारीक धूळ मात्र वायूबरोबर फटीतून आत निसटते.

अर्थात प्रत्येक फटीमागे ग्रह असेलच असे नाही. तबकडीत ज्या अंतरापलीकडे एखादा वायू गोठून बर्फ होतो त्या सीमारेषा किंवा चुंबकीय क्षेत्र यांमुळेही कडी निर्माण होऊ शकतात. म्हणून पीडीएस ७० या ताऱ्याचे महत्त्व मोठे आहे. नरतुरंग तारकासमूहातील, सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरच्या या ताऱ्याच्या तबकडीतील पोकळीत २०१८ आणि २०१९ साली दोन ग्रह प्रत्यक्ष दिसले, आणि त्यांपैकी बाहेरच्या ग्रहाभोवती स्वतःची छोटी तबकडी असल्याचे २०२१ मध्ये आल्माने स्पष्ट केले.

इतरत्र ग्रह दिसत नसेल, तर कार्बन मोनॉक्साइडच्या वर्णरेषांवरून (वर्णपटातील त्याच्या खास रेषांवरून) वायूचा वेग मोजतात; ग्रहाच्या ओढीने तो वेग जिथे बिघडतो, तिथे वेगाच्या नकाशात मुरडा पडतो. एचडी १६३२९६ या ताऱ्याच्या तबकडीत २०१८ साली वेगाच्या नकाशात एके ठिकाणी असाच मुरडा आढळला आणि त्यावरून तेथे गुरूच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाचा ग्रह असावा असा अंदाज बांधण्यात आला. नुसत्या फटींपेक्षा हा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो.