इशिमुरावरचा फिटर

माझ्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला वरचं पेर नाही. संगणकावर गेम खेळताना डावीकडे सरकायचं असेल तर नेमकं तेच बोट 'ए' च्या बटणावर असावं लागतं. हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं, कारण तोवर मी कधी गेम खेळलोच नव्हतो.

मी भुसावळचा. आयटीआय केलेला फिटर. रोज गाडीने जळगावला जातो, एमआयडीसीत पीव्हीसी पाईपाच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी पाईप ओढणाऱ्या मशीनची चेन बसवत होतो आणि कुणीतरी मेन टाकला. आमचे जुने मिस्त्री मेनचे तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढून खिशात ठेवायचे, मगच मशीनला हात लावायचे. त्या दिवशी माल अडकला होता, घाई होती. मी नुसतं ओरडून सांगितलं, "टाकू नका रे कोणी," आणि हात आत घातला.

बोट दीड महिन्यात बरं झालं. भीती गेली नाही. मोटर सुरू व्हायच्या आधी तिला वीज जोडणारा स्विच, कॉन्टॅक्टर, 'खट्' करतो, तो आवाज कुठेही आला की माझे दोन्ही हात आपोआप छातीशी यायचे. कामावर सांभाळून घ्यायचो, पण घरी कोणी पाण्याची मोटर लावली तरी तेच. बायको बघायची आणि काही बोलायची नाही.

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आमच्याकडे होता. तो जळगावला इंजिनिअरिंगला आहे, गाव रावेर तालुक्यात, घरची केळी. त्याने त्याचा जुना संगणक आणला होता. पारा पंचेचाळीसवर, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. तो म्हणाला, "मामा, एक गेम आहे, अंतराळातला. भीतीचा आहे. पण त्यातला माणूस शिपाई नाही, फिटर आहे." त्या शेवटच्या शब्दासाठी मी बसलो.

गेमचं नाव डेड स्पेस. ऑक्टोबर २००८ मध्ये आलेला. २०२३ च्या जानेवारीत तो नव्याने बनवूनही आला, पण आमच्या संगणकावर जुनाच चालणार होता. गोष्ट इसवी सन २५०८ ची. इशिमुरा नावाचं प्रचंड खाणजहाज आहे. हे जहाज ग्रहाचा तुकडा वर उचलून फोडतं आणि त्यातलं खनिज काढतं. एजिस सात नावाच्या ग्रहावर काम चालू असताना जहाजाचा संपर्क तुटतो. दुरुस्तीसाठी केलिऑन नावाचं छोटं यान पाच जणांना घेऊन निघतं आणि त्यात आयझॅक क्लार्क हा इंजिनिअर असतो. त्याची निकोल इशिमुरावर डॉक्टर आहे, तिचा व्हिडिओ निरोप तो पुन्हा पुन्हा बघत असतो. जहाजावर उतरल्यावर कळतं की माणसं मेली आहेत आणि मेलेल्यांचीच काहीतरी वेगळी शरीरं होऊन चालताहेत. गेममध्ये त्यांना नेक्रोमॉर्फ म्हणतात.

पहिल्या संध्याकाळी मी दहा मिनिटांत उठलो. सुरुवातीला हातात काहीच नसतं, नुसतं लिफ्टकडे पळायचं. पळताना डावीकडे वळायला बोट पुरलं नाही, भिंतीला धडकलो आणि मेलो. भाच्याने बटणं बदलून देतो म्हटलं. मी नको म्हटलं. हाताचा पंजाच जरा डावीकडे सरकवून मधल्या बोटाने ते बटण दाबायची सवय केली. त्यातच दोन दिवस गेले. माऊसही जड चालत होता, तेलात फिरवल्यासारखा. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये व्हीसिंक (चित्रं पडद्याच्या वेगाशी जुळवणारी सोय) बंद केल्यावर तो मोकळा झाला. हा जुना गेम संगणकावर खेळणाऱ्या प्रत्येकाने हे आधी करावं, नाहीतर पहिल्याच प्रकरणात कंटाळून सोडून द्याल.

मग कटर मिळाला. एका वर्कबेंचवर पडलेला असतो आणि भिंतीवर रक्ताने लिहिलेलं असतं की त्यांचे हातपाय तोडा. कटर म्हणजे बंदूक नव्हे, खाणीतलं कापायचं हत्यार. त्यातून तीन प्रकाशाच्या रेघा पडतात आणि त्या उभ्या-आडव्या फिरवता येतात. डोक्यात किंवा छातीत मारून उपयोग नाही, तो येतच राहतो. पाय कापला की पडतो, हात कापला की मारू शकत नाही. हे कळल्यावर माझं खेळणं बदललं. मी त्याच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि सांध्याकडे बघायला लागलो. गुडघा कुठे, खांदा कुठे, रेघ उभी हवी की आडवी. गॅसकटरने अँगल कापताना मी बघतो तसंच.

ज्याने हा गेम बनवला त्याला कारागीर माणूस कळला आहे, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर आकडे-पट्ट्या काहीच नाहीत. आयझॅकच्या पाठीच्या कण्यावर निळा दिवा आहे, तोच त्याचा जीव. गोळ्या किती उरल्या ते हत्यारावरच दिसतं. सामान बघायला पेटी उघडली तर गेम थांबत नाही, पेटी समोर हवेत उघडते आणि मागून कोणी आला तर आला. जहाजाचं प्रत्येक काम खऱ्या ब्रेकडाऊनसारखं आहे. आधी ट्राम बंद, तिचा पार्ट आणून बसवा. मग इंजिनाला इंधन द्या. मग उल्का फोडायची तोफ. एक झालं की दुसरं बंद पडलेलंच असतं. शटडाऊनच्या दिवशी आमचंही असंच असतं.

गेम सेव्ह करायला भिंतीवर ठरावीक ठिकाणीच यंत्रं आहेत. आणि मे महिन्यात भुसावळात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. एकदा तास-सव्वा तासाचं खेळलेलं सगळं गेलं. तेव्हापासून सेव्हचं यंत्र दिसलं की आधी तिकडे. रात्री लाईट गेली की आम्ही दोघं गच्चीवर जायचो. दिवसभर वाळत टाकलेल्या कुरडयांचा वास गच्चीला असायचा आणि खाली यार्डात मालगाडीचे डबे जोडल्याचे आवाज. तिथे भाचा मला पुढे काय करायचं ते समजावत बसायचा. मी त्याला म्हटलं, पुढचं सांगू नको, हत्याराचं सांग. मग त्याने एक फार उपयोगाची गोष्ट सांगितली: तुमच्या पेटीत जी हत्यारं आहेत त्यांच्याच गोळ्या जहाजात सापडतात. म्हणजे चार हत्यारं ठेवली तर गोळ्या चार ठिकाणी वाटल्या जातात. मी दोनच ठेवली, आणि हत्याराची ताकद वाढवायला वर्कबेंचवर लावायचे जे पॉवर नोड मिळतात ते आधी सगळे कटरला लावले. एक मात्र कायम खिशात. काही बंद खोल्या त्या नोडनेच उघडतात आणि आत भरपूर माल असतो.

आणि पडलेलं प्रत्येक प्रेत आधी कापून ठेवायचं. काही खरी प्रेतं नसतातच, नेक्रोमॉर्फच मेल्यासारखे पडून राहिलेले असतात. खरी प्रेतंही तशीच ठेवली तर एक उडणारा प्राणी येऊन त्यांना उठवतो.

तिसऱ्या प्रकरणात माझं सगळं थांबलं.

जहाजाचं गुरुत्वाकर्षण बंद पडलेलं असतं, त्यासाठी सेंट्रिफ्यूज चालू करायचा असतो. ही एका मजल्याएवढी गोल खोली, तिच्यात फिरणारा अजस्र दांडा. आधी तरंगत जाऊन त्याचे सुटलेले भाग जागेवर बसवायचे. आयझॅककडे त्यासाठी दोन साधनं आहेत. कायनेसिसने वस्तू लांबून उचलता येते आणि स्टेसिसने फिरती वस्तू थोडा वेळ मंद होते. इथपर्यंत मला मजा आली. मग बटण दाबायचं. दाबलं की दांडा फिरायला लागतो, आणि तुम्ही आतच असता. भिंतीत कोनाडे आहेत. दांडा येईपर्यंत कोनाड्यात उभं राहायचं, तो गेला की पुढच्या कोनाड्यापर्यंत पळायचं. दांडा लागला की खेळ खलास.

बटणापाशी गेलो आणि माझे हात छातीशी आले. माऊस टेबलावर तसाच. आत हात असताना मेन टाकणारा इथे मीच होतो.

चार संध्याकाळी मी त्या बटणापाशी जाऊन परत फिरलो. पाचव्या दिवशी भाचा म्हणाला, आवाज बंद करून बघू. केला. बटण दाबलं, कोनाड्यातून निघालो आणि तिसऱ्या पावलाला मेलो, कारण दांडा माझ्या पाठीमागून आला आणि मला कळलंच नाही. तो येतोय हे आधी कानाला समजतं. आवाज बंद असेल तर तिथून जिवंत निघणं माझ्याच्याने झालं नसतं.

मग आवाज पूर्ण चालू केला, हेडफोन लावला. कोनाड्यात उभा राहिलो आणि निघालोच नाही. नुसता मोजत राहिलो. एक फेरा, दुसरा फेरा. आमच्याकडे नवीन मशीन आलं की पहिला अर्धा तास मी त्याच्याजवळ उभं राहून ऐकतो, बेअरिंग कसं बोलतं, लोड कुठे येतो. तसंच ऐकलं. मधे एक नेक्रोमॉर्फ माझ्याकडे यायला लागला, त्याच्या पायावर स्टेसिस मारला आणि मी माझी मोजणी सोडली नाही. सात-आठ फेऱ्यांनंतर पाऊल कुठे टाकायचं ते आपोआप समजलं. बाहेर आलो तेव्हा बनियन ओलं होतं आणि कूलर समोर चालू होता.

चौथ्या प्रकरणातल्या तोफेबद्दल फार लिहीत नाही. खुर्चीत बसून येणाऱ्या उल्का फोडायच्या आणि जहाजाचं कवच वाचवायचं. नवव्या प्रयत्नात जमलं. माऊसचा वेग वाढवा, मोठे दगड आधी.

पाचव्यात एक प्राणी आहे, त्याचे हातपाय कापले तरी पुन्हा उगवतात. त्याला मारता येत नाही. त्याला एका गोठवायच्या खोलीत ओढून आणायचं, स्टेसिसने मंद करायचं आणि बाहेर येऊन स्विच दाबायचा. मी स्विचपाशी थांबलो. आत कोणीतरी आहे हे माहीत असून मेन टाकायचा. तो राक्षस आहे, मला मारायला आलेला आहे, हे सगळं खरं. तरी मी आधी काचेतून नीट पाहिलं आणि मग दाबलं. भाचा म्हणाला, "मामा, एवढं काय बघता?" मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याला माझं बोट माहीत होतं, तो लगेच गप्प झाला.

सहाव्यात मात्र बोलणारा तो होता आणि ऐकणारा मी. जहाजावर पिकं घ्यायचा एक भाग आहे, हवा आणि अन्न तिथूनच. तिथली हवा विषारी झालेली. हवा नासवणारे आठ जीव वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले आहेत, ते शोधून मारायचे. पानांवरची ती घाण बघून भाचा पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "हे आमच्या केळीवरच्या करपा रोगासारखं आहे. एका बागेत आला की वाऱ्यानं शेजारच्या बागेत." मग तो बराच वेळ त्याच्या वडिलांच्या फवारणीबद्दल, पिकलेली पानं कापून बागेबाहेर काढण्याबद्दल सांगत राहिला. मी गेममध्ये एकेक खोली साफ करत होतो आणि ऐकत होतो. त्या संध्याकाळी मला भीती वाटल्याचं आठवत नाही.

आवाजाबद्दल एक सांगायलाच हवं. जहाजाच्या बाहेर, निर्वातात गेलं की सगळे आवाज दबतात. हवा नाही तर आवाज कसा येणार? फक्त आयझॅकचा श्वास आणि अंगातून येणारे ठोके. हे शास्त्राला धरून आहे आणि त्याचमुळे जास्त घाबरवतं, कारण मागून येणारा ऐकू येत नाही. या गेमच्या ध्वनीला आणि जेसन ग्रेव्हजच्या संगीताला २००९ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाले. भाच्याने हेही सांगितलं की त्या लोकांनी सॅन फ्रान्सिस्कोकडच्या बार्ट रेल्वेचा कर्कश आवाज ध्वनिमुद्रित करून गेममध्ये वापरला आहे. आमचं घर रुळापासून हाकेच्या अंतरावर. ज्या आवाजात मी लहानपणापासून झोपलो त्याचाच भाऊबंद मला तिथे दचकवत होता.

पुढची प्रकरणं भरभर गेली. एकूण बारा आहेत. शेवट इथे लिहीत नाही. एवढंच, की सगळं संपल्यावर बारा प्रकरणांच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं ओळीने लिहून काढा. मी कामाच्या डायरीत लिहिली, आणि रात्री दोन वाजता गच्चीवर एकटाच जाऊन बसलो. निकोलचा तो पहिला निरोप डोळ्यांपुढून जाईना.

जूनमध्ये मशीनची चेन बदलायची होती. मी मेनचे तिन्ही किटकॅट काढले, खिशात टाकले आणि चेन चढवली. शेजारच्या मशीनचा कॉन्टॅक्टर 'खट्' झाला. हात छातीशी आले, पण या वेळी पान्हा हातातच होता.

भाचा होस्टेलला जायच्या आदल्या रात्री आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी फक्त कटरवर. सेंट्रिफ्यूजपर्यंत तो खेळला. तिथे त्याने खुर्ची सोडायला सुरुवात केली, मी त्याला खाली बसवलं आणि एक हेडफोन माझ्या कानाला लावला. कोनाड्यात त्याचा माणूस उभा. तो निघायला बघत होता.

"थांब," मी म्हटलं. "जाऊ दे त्याला पुढे. अजून एक फेरा ऐक."