चेंडू जिथे पडला तिथूनच

आज सकाळी माझा गोल्फचा चेंडू बैलाच्या खुराने उमटलेल्या खळग्यात जाऊन बसला आणि तो उचलण्यासाठी मी वाकलो, तेव्हा बांधावर बसलेले गुराखी काका म्हणाले, "उचलता कायले भाऊ? जेथं पडला तेथूनच मारा ना."

यवतमाळ जिल्ह्यातील मित्राच्या या बरड, पडीक जमिनीवर गवत कापण्याचे यंत्र नाही. ते काम काकांच्या शेळ्या करतात. हिकरीच्या लाकडी दांड्याची जुनी काठी, मूठभर वाळूच्या ढिगावर ठेवलेला चेंडू आणि पळसांमधून जाणारी वाट, एवढ्यावर आमचा खेळ चालतो.

काकांनी गोल्फ आजच पहिल्यांदा पाहिला. तरीही १७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे लिहिल्या गेलेल्या १३ नियमांत, फटका सोपा व्हावा म्हणून दगड किंवा हाडे बाजूला करू नयेत (हिरवळीचा तेवढा अपवाद), असे जे बजावले आहे, त्याचा गाभा त्यांच्या त्या एका वाक्यात होता.

मी चेंडू तिथेच राहू दिला. फटका जेमतेम दहा हात गेला, पण खुराची ती माती काठीला लागली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

जमीन सपाट करून, पाणी पाजून घडवलेल्या मैदानांवर हा आनंद मिळत असेल का?